हायब्रिड सायकल, १४ महिने, ४,१०० किलोमीटर: सगळं ठीक, फक्त ती कट्कट

सगळ्यात आधी, सायकल विकायची नाहीये, मेसेज करू नका. दुसरं म्हणजे कंपनीचं आणि सर्व्हिसवाल्यांचं नाव लिहिणार नाहीये, कारण जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या सायकलीत होऊ शकतं. आणि स्पेसिफिकेशन तर तुम्हाला पाठच असणार, अलॉय फ्रेम, ७०० बाय ३५ चे टायर, ३ बाय ७ गिअर म्हणजे पुढे तीन मागे सात, केबलवाले डिस्क ब्रेक, १८,४०० रुपये. या किमतीतल्या सायकली आतून सगळ्या भावंडंच असतात, स्टिकर तेवढे वेगळे.

२०२४ च्या दसऱ्याला घेतली. तेव्हा सायकलवर १२ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला, म्हणजे माझे सरळसरळ साडेअकराशे रुपये गेले. नवरा म्हणतो हे सायकलच्या रिव्ह्यूत कशाला, मी म्हणलं खर्च माझाय, रिव्ह्यू माझाय.

वापर असा की पुण्यात वारजे ते शिवाजीनगर ऑफिसला, जाऊन-येऊन १९ किलोमीटर, आठवड्यातून चार दिवस, कधी पाच. जाताना कर्वेनगर, नळस्टॉप, डेक्कन, नदीकडे येतो तसा उतारच असतो त्यामुळे ऑफिसला अगदी रुबाबात पोचते, येताना तोच उतार चढ होऊन समोर उभा. उन्हाळ्यात काही दिवस नदीपात्रातल्या रस्त्याने जायचे, फार छान वाटतं तिथे, पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो बंद, भिडे पूल पाण्याखाली, आणि मग परत मुकाट कर्वे रोडला मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने. सायकल ट्रॅकबद्दल विचारू नका, जिथे आहेत तिथे त्याच्यावर चारचाक्या झोपलेल्या असतात.

४,१०० चा आकडाही थोडा हिशोब करून काढलेला आहे. हँडलला ६०० रुपयांचा चुंबकवाला मीटर लावलाय, त्यात चाकाचा घेर मिलिमीटरमधे टाकावा लागतो. दुकानातल्या मुलाने २६ इंची चाकाचा २०५० टाकून दिला आणि मीही बघितलं नाही, ७०० बाय ३५ चा साधारण २१६८ असतो. चार महिने माझे किलोमीटर साडेपाच टक्के कमी मोजले जात होते. नंतर माझ्या मुलाच्या लक्षात आलं, त्याला एक आइस्क्रीम दिलं.

पहिले आठ-नऊ महिने सांगण्यासारखं फार काही नाही, आणि हेच खरं तर सायकलचं कौतुक. सीट पहिले दोन आठवडे दगड, मग सवय झाली. गिअर पुढचा मधलाच ठेवते, मागचे चार वापरते, बाकीचे शोभेला. मडगार्ड वेगळे घ्यावे लागले, ४५० गेले. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाडा आहे हे मला फार आवडलं कारण हवा कुठेही भरता येते, फक्त पेट्रोल पंपावरचा पोरगा सायकल बघून ३० वर थांबतो, त्याला सांगावं लागतं की दादा ५५ कर, मग तो माझ्याकडे असा बघतो की टायर फुटला तर मला सांगू नका. पंक्चर दोन. ब्रेक मस्त, पण मधे मी चेनला स्प्रेचं तेल मारताना थोडं डिस्कवर उडालं आणि पुढचा ब्रेक कुकरच्या शिट्टीसारखा ओरडायला लागला. प्रोसेसरची जुनी पेस्ट पुसायला आणलेलं आयसोप्रोपाइल अल्कोहोल घरात होतं, त्याने डिस्क पुसली, पॅड काढून पॉलिश पेपरवर घासले, गेला आवाज. तेल थेंबथेंब टाकायच्या बाटलीतलंच वापरा, स्प्रे नको.

आता मुद्द्याचं. कट्कट.

जुलैमधे सुरू झाली. उजवं पायडल खाली गेलं की कट्, डावं गेलं की अगदी बारीक कुट्. कर्वे रोडच्या गोंगाटात ऐकूच यायची नाही, प्रभात रोडच्या गल्ल्यांत शिरलं की यायची. आणि एकदा ऐकू आली ना की मग दुसरं काही ऐकूच येत नाही, पंधरा-वीस मिनिटं नुसती कट्-कुट्-कट्-कुट्, डोक्यात हातोडी. लोक म्हणतील एवढ्याशा आवाजाचं काय, सायकल चालतेय ना. चालत होती. पण १८,४०० देऊन मी रोज संध्याकाळी चरकावर बसल्यासारखी घरी येत होते.

आधी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे नेली. काका म्हणाले, ताई, चेन कोरडी आहे. आणि दिसेल त्या फटीत काळं ऑइल सोडलं, चेनमधे, पायडलमधे, गिअरमधे, माझ्या सलवारीवरपण. पैसे घेतले २०, आवाज गेला दोन दिवस, नंतर परत आला तो धुळीचा थर घेऊन. दोन आठवडे चेन पुसत होते.

मग ऑगस्टमधे रीतसर सर्व्हिस सेंटर. तिथे एसी, काचेचं दार, सायकल स्टँडवर उलटीसुलटी करून बघतात, भारी वाटतं. तिथल्या मुलाने क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, हाताने फिरवला, कान लावला, म्हणाला मॅडम बीबी गेलाय. बॉटम ब्रॅकेट, पायडलच्या दोन्ही दांड्या ज्या ॲक्सलला जोडलेल्या असतात तो. सीलबंद असतो, दुरुस्त होत नाही, नवीनच टाकायचा. ९५० पार्ट, ४०० लेबर. मी विचारलं एवढ्या लवकर? तर म्हणे पावसात चालवता ना मॅडम. आता पुण्यात यावेळी मे महिन्यातच पाऊस सुरू झालेला, सायकल काय बैठकीच्या खोलीत चालवू? पण दिले. एकच शहाणपण केलं, जुना पार्ट परत द्या म्हणलं. तो म्हणाला भंगारात जातो मॅडम ते, मी म्हणलं माझ्या घरच्या भंगारात जाऊ दे.

रिक्षापेक्षा हलकी चालायला लागली असं पहिल्या दिवशी वाटलं. म्हणजे वाटायलाच पाहिजे ना, १,३५० दिलेत. चौथ्या दिवशी प्रभात रोड, कट्.

इथे मला स्वतःचाच राग येतो आणि त्यासाठी जरा कॉम्प्युटरकडे जावं लागेल. २०२२ मधे मी घरचा पीसी स्वतः जोडला, मावसभावाला यादी देऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणवले, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० चा मदरबोर्ड, ८-८ च्या दोन रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही कारण तेव्हा कार्डाचे भाव ऐकून घाम फुटायचा आणि ५६००जी ला आतलंच ग्राफिक्स आहे. दोन वर्षं उत्तम चालला. २०२४ च्या पावसाळ्यात एक दिवस चालू केला तर पंखे फिरतात, स्क्रीन काळी. जवळच्या दुकानात नेला, त्याने पाच मिनिटांत सांगितलं मदरबोर्ड गेला, ७,२०० होतील, आणि सरांना पाठवा मी त्यांना समजावून सांगतो. सरांना स्क्रूड्रायव्हर कुठल्या बाजूने धरायचा ते मी सांगते! घरी आणला, दोन्ही रॅम काढल्या, मुलाच्या कंपासमधला खोडरबर घेऊन सोनेरी पट्ट्या हलक्या हाताने घासल्या, भुगा झटकला, एकच रॅम लावली, आली स्क्रीन. दुसरी लावली, आली. खर्च शून्य. हवेतल्या ओलीने पट्ट्यांवर थर बसला होता, बाकी काही नाही.

तर त्या दिवशी मी घरात सगळ्यांना व्याख्यान दिलं होतं की एका वेळी एकच गोष्ट काढून बघायची, दुकानदार पार्ट विकायलाच बसलाय वगैरे. आणि तीच मी, वर्षभरात एसी दुकानात जाऊन, कान लावून बघितलेल्या निदानाला १,३५० मोजून आले. सायकल आपल्याला कळत नाही असं आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं बहुतेक.

खरं कारण सापडलं ते हुशारीने नाही. सप्टेंबरच्या शेवटी ऑफिसखाली सायकल पावसात भिजली, सीटवरची पिशवी कोणीतरी नेली (सीटवरची फाटकी पिशवी! कोण नेतं?), सीट चिंब, आणि मला तशीच मीटिंगच्या कपड्यांत एका नातेवाइकांकडे जायचं होतं. म्हणून बसलेच नाही, उभ्यानेच पायडल मारत प्रभात रोडपर्यंत आले आणि गल्लीत शिरल्यावर लक्षात आलं की शांत आहे. एकदम शांत. थांबले, रुमाल टाकून सीटवर बसले, चार पायडल मारली, कट्-कुट्. उठले, बंद. बसले, कट्. असं सात-आठ वेळा केलं, एक आजोबा फाटकात उभं राहून बघत होते, त्यांना वाटलं असेल बाईंना सायकल शिकायचीय.

म्हणजे आवाज सीटचा होता! पायडलच्या तालावर यायचा कारण बसून पायडल मारताना आपलं वजन दर फेरीला या कुशीवरून त्या कुशीवर जातं, सीटचा पाइप फ्रेममधे केसभर हलतो, आणि तो पाइप ज्या नळीत असतो ती सरळ खाली बीबीपाशीच उतरते. पोकळ ॲल्युमिनियम म्हणजे पत्र्याचा डबाच, वर वाजवलं की खाली ऐकू येतं. आणि सर्व्हिसवाल्याने क्रँक फिरवला तो सायकल स्टँडवर टांगून, सीटवर कोणी बसलेलंच नव्हतं, मग त्याला आवाज आला कुठून? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि बंबाचं भाडं मी भरलं.

घरी आल्या आल्या उपाय केला. सीटची उंची हरवू नये म्हणून पाइपला वायरिंगची काळी टेप एक वेढा मारून खूण केली, क्लॅम्प सैल करून पाइप उपसला. बाहेर आला तो लाल मातीचा लेप घेऊन, मागच्या चाकाने उडवलेली रस्त्यावरची सगळी राड तिथे जमली होती. पाइप पुसला, नळीत जुन्या बनियनचं फडकं घालून आतून पुसलं, ग्रीसचा पातळ हात फिरवला, खुणेपर्यंत बसवला, क्लॅम्प आवळला. (कार्बनचा पाइप किंवा फ्रेम असेल तर ग्रीस लावू नका, त्याची वेगळी पेस्ट येते. पण कार्बनवाले माझा रिव्ह्यू वाचत नसतील.) दुसऱ्या दिवशी प्रभात रोडवरून मुद्दाम दोन चकरा मारल्या. झाडावरचे पक्षी ऐकू आले. खरंच सांगते.

हे सगळं मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं आणि सायकलला ५ पैकी ४ आणि सर्व्हिसला शून्य देऊन टाकणार होते. नऊ दिवसांनी कट् परत आलं. बारीक, पण तेच. माझा चेहरा बघून नवऱ्याने काही विचारलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

यावेळी पीसीवाली पद्धत. उभ्याने बंद, बसून चालू, म्हणजे सीटच, बीबीचा संबंध नाही. बसून फक्त पुढे-मागे हलले, पायडल न मारता, भिंतीला टेकून, तरी कट्. पाइप घट्ट होता. राहिलं काय, तर सीटच्या खालच्या दोन सळया ज्या चिमट्यात धरलेल्या असतात तो चिमटा. बोल्ट ६ च्या ॲलन कीने उघडला, चिमट्याचे दोन्ही तुकडे सुटे केले, आत बारीक वाळू, पिठासारखी. पुसलं, सळयांवर जिथे चिमटा बसतो तिथे आणि बोल्टच्या आट्यांना ग्रीस, परत आवळलं. हे दिवाळीनंतरचं. आज डिसेंबरचा मधला आठवडा आहे, अजून शांत आहे, आणि मी दर सोमवारी प्रभात रोडवरूनच जाते, तपासायला.

पण मधे ऑक्टोबरमधे, पाइपला ग्रीस लावून शांतता होती त्या नऊ दिवसांत, मी भांडायला गेले होते ते राहिलंच.

त्याचं असं, नवीन बीबी टाकल्यापासून पुढचा गिअर मोठ्यावर टाकला की चेन पुढच्या डिरेलरच्या (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर ढकलतो तो) पिंजऱ्याला घासायची. मी मोठा गिअर वापरत नाही त्यामुळे दुर्लक्ष केलं होतं, माझा मुलगा रविवारी सायकल घेऊन जातो, तो म्हणाला. दोनदा त्यांच्याकडे नेऊन स्क्रू फिरवून आणला. मग एका संध्याकाळी तो जुना बीबी, जो मी कॉम्प्युटरच्या टेबलावर कागदावर ठेवायला वापरत होते, हातात घेऊन फिरवला. लोण्यासारखा. खरखर नाही, अडकणं नाही, ॲक्सल हलवून बघितला तर ढिला नाही. त्याच्यावर छापलेलं, ६८ बाय १२२.५. आणि बिलावर काय, बीबी ११८. पहिला आकडा फ्रेमच्या नळीची रुंदी, दुसरा ॲक्सलची लांबी. साडेचार मिलिमीटर आखूड, म्हणजे पुढचे तिन्ही गिअर सव्वादोन मिलिमीटर आत सरकले. मग घासेल नाहीतर काय करेल बिचारी चेन.

दुकानात गेले, काउंटरवर जुना बीबी ठेवला, बिल ठेवलं. म्हणलं हा फिरवून दाखवा मला कुठे गेलाय. मुलाने फिरवला, परत फिरवला, मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर म्हणाले मॅडम, ११८ चालतो, सगळ्यांना टाकतो आम्ही. मी म्हणलं चालतो म्हणजे बसतो, बसतो म्हणजे बरोबर आहे असं नाही. कॉम्प्युटरमधे हे एक बरंय, डीडीआर५ ची रॅम डीडीआर४ च्या खाचेत जातच नाही, खाच वेगळ्या जागी असते, चूक करायची म्हणलं तरी होत नाही. सायकलवाल्यांनी असले बीबी एकाच आट्याचे ठेवलेत आणि लांबी मात्र वेगवेगळी, मग काय, जो शेल्फवर असेल तो.

तासभर गेला. मी खुर्चीत बसून होते, पाणी दिलं त्यांनी, चांगली माणसं आहेत तशी. मॅनेजर म्हणाले एकदा काढलेला पार्ट परत घेता येत नाही. मी म्हणलं तुमच्याच मुलाने माझा चांगला पार्ट काढला, तो कसा काढता आला? शेवटी जुना बीबी परत बसवला, फुकट, नवा त्यांनी ठेवून घेतला, ९५० परत दिले. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात हे त्या मुलाने मला नीट दाखवलं, पाना कुठल्या दिशेला फिरवायचा तेही, त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कोणीतरी शिकवलंय की पायडलपाशी आवाज म्हणजे बीबी. सायकलवर बसवून एक चक्कर मार म्हणून कोणी शिकवलं नाही. लेबरचे ४०० मात्र गेले, ते म्हणे काम तर झालं ना मॅडम. झालं, दोनदा झालं, एकदा घालायचं आणि एकदा काढायचं.

तर सायकलबद्दल माझं मत आता असं आहे. जुलै ते सप्टेंबर मी हिला मनातल्या मनात रोज एक तारा कमी देत होते, तो अन्याय होता. सायकल चांगली आहे, ४. एक तारा कापतेय कारण फॅक्टरीतून सीटच्या पाइपला ग्रीस लावलेलं नव्हतं, ओठाला तूप लावतो तेवढं लागतं, तेवढंही नाही. नवीन घेणाऱ्यांनी पहिल्या पावसाच्या आधी पाइप काढून ग्रीस लावाच, आणि मागच्या मडगार्डचा शेंडा सीटच्या नळीपर्यंत येतोय का बघा, माझा चार बोटं आखूड आहे, मी त्याला जुन्या फाइलचं प्लास्टिक कापून झिप टायने जोडलंय, दिसतं भयंकर, पण माती थांबली. झिप टाय पीसीच्या केबलींसाठी आणलेले, १०० चं पाकीट, अजून साठेक शिल्लक आहेत.

बीबी काढायचा पाना आणि क्रँक ओढायचं हत्यार मिळून सातशेच्या आसपास येतं असं पासोड्या विठोबापाशी एका सायकलच्या दुकानात विचारून आलेय. घ्यावं की नाही चालू आहे, कारण आता तर बीबीला काही झालेलंच नाहीये.

आणि त्या दुकानाने ४०० च्या बदल्यात एक कुपन दिलंय, पुढची संपूर्ण सर्व्हिस मोफत, ३१ मार्चपर्यंत. हिशोबाने बघितलं तर वसूल होतात पैसे. पण त्यासाठी सायकल परत त्यांच्या हातात द्यावी लागेल. कुपन सध्या फ्रिजवर आहे, गॅसच्या नंबरशेजारी.